गरोदरपणातली साखर : दोनशे वर्षांत ताट कसं बदललं



गेल्या नोव्हेंबरात माझ्या लेकीचा दुसऱ्या खेपेचा सहावा महिना चालू होता. दवाखान्यात तिला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा आला १६८. १४० किंवा त्याच्या पुढे गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत घरात तीन मतं तयार झाली. जाऊबाई म्हणाल्या, "आता भात-पोळी सगळं बंद करा." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दोन जिवांची बाई, तिला उपाशी ठेवता का? तुपातला शिरा द्या, ताकद येईल." आणि लेकीचा प्रश्न वेगळाच होता, "मम्मी, माझ्या चोविहाराचं काय?"

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि पुढं चाळीस वर्षं घर सांभाळलं. पण कुठल्याही खात्याचा जुना हिशेब बघितल्याशिवाय आजची शिल्लक कळत नाही, एवढं कॉलेजात शिकले होते. म्हणून मी वाचायला बसले. खरं सांगायचं तर मला स्वतःसाठीही वाचायचं होतं.

कारण हीच लेक १९८८ साली झाली, तेव्हा माझ्याही लघवीत साखर दिसली होती. तेव्हा लघवी निळ्या द्रावणात घालून तापवायचे. रंग हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा झाला तर जास्त, विटकरी झाला तर फारच. माझा रंग पिवळ्याच्या पुढे गेला होता. "गोड जरा कमी करा," एवढंच मला सांगितलं गेलं. किती कमी, गोड म्हणजे नक्की काय, भाताचं काय, काही नाही. घरी सासूबाईंनी प्रेमानं रोज सकाळी शिरा दिला आणि मी खाल्ला. लेक झाली ती चार किलो दोनशे ग्रॅमची. सगळे म्हणाले, काय गुटगुटीत आहे! तीन तासांनी ती थरथरायला लागली, ओठ निळे पडले, आणि नर्सबाई तिला उचलून काचेच्या पेटीत घेऊन गेल्या. दोन दिवस मी तिला मांडीवर घेतलं नाही. "बाळाची साखर उतरली होती," एवढंच कानावर आलं. आईची साखर जास्त आणि बाळाची कमी, हे गणित मला कितीतरी वर्षं सुटलं नाही. शिऱ्याचा दोष की माझ्या नशिबाचा, कुणाला विचारायचं?

आता जुन्या गोष्टीकडे येते.

आपल्याकडे ही ओळख फार जुनी आहे. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात असा आजार चरक-सुश्रुतांना माहीत होता. जन्मतः येणारा प्रमेह वेगळा आणि अपथ्यानं होणारा वेगळा, हा भेदही सुश्रुतसंहितेत आहे. पथ्यात जवाला मोठा मान. पण मला थक्क केलं ते चरकसंहितेतल्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायानं. गर्भवतीनं काय टाळावं याची तिथं यादी आहे. त्यात म्हटलंय की जी सतत गोडच खात राहते तिचं मूल प्रमेही किंवा फार लठ्ठ होऊ शकतं. मुकं होतं असंही त्यात आहे, ते सोडून देऊ. पण आईचं गोड खाणं, मुलाचा लठ्ठपणा आणि मुलाचा मधुमेह या तीन गोष्टी एका ओळीत मांडणारा माणूस रक्तातली साखर मोजायचं कुठलंही साधन नसताना तिथं कसा पोचला असेल? त्याच अध्यायात महिन्यामहिन्याला दूध, लोणी, तूप देण्याची पद्धतही सांगितली आहे. आपण घराघरांत तूप तेवढं उचललं, इशारा मागं राहिला.

आणि आपलं कल्पसूत्र. पर्युषणात दरवर्षी ऐकतो आपण. चौदा स्वप्नं आली की सगळ्या सावरून बसतो, पाळणा आला की पुढं सरकतो. पण मधला एक भाग कानावरून निघून जातो. गर्भ राहिल्यावर त्रिशलामाता काय खात होत्या? फार थंड नाही, फार गरम नाही, फार तिखट नाही, फार आंबट नाही, आणि फार गोडही नाही. जे गर्भाला हितकर, मोजकं, पथ्याचं आणि पोषण करणारं, तेच, आणि तेही स्थळ-काळ बघून. एवढ्या वर्षांत मी हे किती वेळा ऐकलं असेल! पण लेकीचा रिपोर्ट हातात असताना पहिल्यांदा "मोजकं" आणि "काळ बघून" हे दोन शब्द वेगळे ऐकू आले. पुढं जे सांगणार आहे ते सगळं डॉक्टर लोकांना या दोन शब्दांपर्यंत यायला किती वेळ लागला त्याचंच आहे.

युरोपात गरोदर बाईच्या मधुमेहाची नीट नोंद झालेली पहिली गोष्ट बर्लिनची, १८२३ सालची. हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या डॉक्टरनं पुढच्या वर्षी आपल्या प्रबंधात ती लिहिली. बाई बावीस वर्षांची, पाचवी खेप, तहान भागत नव्हती. बाळ बारा पौंडांचं होतं आणि जन्मताना गेलं. बाळंतपणानंतर तिची साखर नाहीशी झाली. पुढं १८८२ मध्ये लंडनचे जेम्स मॅथ्यूज डंकन यांनी अशा केसेस गोळा केल्या तर जेमतेम २२ गरोदरपणं हाती लागली, आणि त्यात किती आया आणि किती बाळं गेली ते वाचवत नाही. इतक्या कमी का? कारण मधुमेही मुलगी बहुतेक वेळा बाळंतपणाच्या वयापर्यंत जगतच नव्हती.

तिकडच्या पथ्याचा इतिहास आपल्याला वाचायला जड जातो. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं भाजी-धान्य बंद करून शिळ्या, वास मारणाऱ्या मांसाचं पथ्य सुरू केलं. पुढं १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न मिळेना, तेव्हा बूशार्दा या डॉक्टरला दिसलं की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. तिथून एक विचार पक्का झाला, की कमी खा म्हणजे साखर कमी. तो टोकाला नेला अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांनी, १९१४-१५ च्या सुमाराला. आधी उपास, मग तीन-तीन वेळा पाणी बदलून उकडलेल्या भाज्या, म्हणजे त्यातला पिष्टाचा अंशसुद्धा निघून जावा. आपल्या आयंबिलापेक्षा कडक. साखर खाली यायची, पण रोगी हाडांचा सापळा व्हायचा.

एलिझाबेथ ह्यूज या मुलीची गोष्ट मी दोनदा वाचली. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, म्हणजे पैशाची कमी नाही. अकराव्या वर्षी मधुमेह निघाला आणि तिला ॲलन यांच्या पथ्यावर ठेवलं. तीन वर्षांनी, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, आई तिला टोरांटोला घेऊन गेली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचं वजन साधारण वीस किलो होतं. आपल्याकडे सहा-सात वर्षांची मुलगी तेवढी असते. तिथं फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना आदल्या वर्षी इन्सुलिन सापडलं होतं आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला देऊन झालं होतं. एलिझाबेथला ते मिळालं. तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली, १९८१ पर्यंत ती जगली. आणि जन्मभर तिनं आपला आजार जगापासून लपवून ठेवला. हे वाचताना मला आपल्याच समाजातल्या मुली आठवल्या. स्थळ येईपर्यंत लपवायचं, लग्न झालं की सासरी लपवायचं, आणि दिवस राहिले तरी सांगायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांतच बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा तयार होतो, आणि त्याच काळात आईची साखर वर असेल तर दोष राहण्याची भीती वाढते. आधीपासून मधुमेह असलेल्या मुलीनं दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांकडे जायला हवं. लपवायला तिथं जागाच नाही.

इन्सुलिनबद्दल एक गोष्ट आपण बायका आपसातसुद्धा बोलत नाही. ती इथं बोलते. सुरुवातीपासून इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. खाटीकखान्यातून. आपल्याकडे १९८०-९० पर्यंत तेच सर्रास वापरात होतं. माझ्या चुलत सासूबाई काचेची सिरिंज छोट्या पातेल्यात उकळून रोज टोचून घ्यायच्या. फ्रिजच्या कोपऱ्यातल्या त्या बाटलीत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांना माहीत होतं. ते दर चातुर्मासात त्यापायी काहीतरी जास्तीचा तप करायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. १९८२ मध्ये मानवी इन्सुलिन बाजारात आलं. माणसाचा जनुक जिवाणूत घालून ते तयार करतात. सूक्ष्म जीवांचा प्रश्न उरतोच, पण कत्तलखान्याचा राहिला नाही. लेकीला शेवटी इन्सुलिन लागलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं, हेही सांगून टाकते.

टोरांटोनंतरची गोष्ट बॉस्टनची, आणि ती एका बाईची आहे. डॉ. प्रिसिला व्हाइट. १९२४ मध्ये त्या डॉ. जॉस्लिन यांच्याकडे कामाला लागल्या तेव्हा मधुमेही आईचं बाळ जगण्याची शक्यता साधारण निम्मी होती. ५४ टक्के. १९७४ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा ती ९० च्या वर गेली होती. जादू कुठलीच नव्हती. इन्सुलिन होतंच, पण त्यांनी बायकांना वरचेवर तपासायला बोलावलं, जेवण मोजून दिलं, उपाशी ठेवलं नाही, शेवटच्या महिन्यांत दवाखान्यात ठेवून लक्ष दिलं. त्यांची चूकही झाली. कृत्रिम संप्रेरकांची औषधं गरोदर बायकांना देणाऱ्यांत त्या होत्या, आणि ती औषधं निरुपयोगीच नव्हे तर पोटातल्या मुलींना घातक होती असं पुढं कळलं. पन्नास वर्षं एकच काम चिकाटीनं करणाऱ्या माणसाच्या खात्यात एवढं नावे पडलं तरी जमेची बाजू मोठीच राहते, असं मला वाटतं.

आणि मग मला माझं कोडं सुटलं. १९५० च्या दशकात कोपनहेगनचे डॉ. यॉर्गेन पेडरसन यांनी ते मांडून ठेवलं होतं, माझी लेक जन्मायच्या तीस वर्षं आधी. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन करायला लागतं. ते त्या साखरेची चरबी करून साठवतं, म्हणून बाळ मोठं होतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेची आवक त्या क्षणी बंद. पण बाळाचं इन्सुलिन जोरात चालूच. आवक नाही आणि खर्च तोच, मग काही तासांत बाळाची साखर कोसळते. ते थरथरतं, निळं पडतं. माझ्या लेकीचं अगदी हेच झालं होतं. गुटगुटीत म्हणून ज्याचं कौतुक केलं ते आजाराचं लक्षण होतं. पान वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. सासूबाई आता नाहीत. असत्या तरी त्यांना काय सांगणार होते? त्यांनी प्रेमच केलं होतं.

मला पुढं बावन्नाव्या वर्षी मधुमेह झाला. त्यातही नवल नव्हतं. १९६४ मध्ये बॉस्टनच्याच डॉ. ओ'सलिव्हन यांनी गरोदरपणातल्या साखरेचे जे आकडे ठरवले, ते मुळात याच कामासाठी, की कुठल्या बाईला पुढं मधुमेह होईल ते आधी ओळखता यावं. आणि अशा आईच्या पोटी वाढलेल्या मुलांनाही पुढं तो होण्याचा धोका जास्त. म्हणजे लेकीचा १६८ हा आकडा एका अर्थानं १९८८ च्या खतावणीतून पुढं ओढलेली बाकी होती.

आता चोविहार. लेक बाराव्या वर्षापासून पाळते आहे. पहिल्या गरोदरपणातही पाळला. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, सातच्या सुमाराला उगवतो, वर नवकारशीची ४८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ चौदा तास पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. "रात्रभर न खाल्लं तर साखर कमीच राहील ना? मग तर बरंच," असं ती म्हणत होती. मलाही ते पटत होतं. ॲलन साहेबांनाही पटलं असतं.

पण शिकागोचे डॉ. नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. शेवटच्या महिन्यांतल्या निरोगी गरोदर बायका आणि गरोदर नसलेल्या बायका, दोघींना रात्रीच्या जेवणानंतर सकाळचा नाश्ता न देता अठरा तासांपर्यंत ठेवलं आणि रक्त तपासत राहिले. गरोदर बायकांची साखर फार लवकर खाली गेली आणि चरबी जळून तयार होणारी कीटोन द्रव्यं भराभर वाढली. बाळ आईच्या रक्तातून सतत साखर घेत असतं, म्हणून तिचं शरीर उपासमारीच्या मार्गाला दुसऱ्यांपेक्षा लवकर लागतं. हे निरोगी बायकांचं. जी इन्सुलिन घेते तिला तर झोपेत साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला होता. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यातही साखर पचवण्याची ताकद कमी दिसली. म्हणजे आईचं अति खाणं आणि आईची उपासमार, दोन्ही वाटा शेवटी एकाच गावाला जातात.

आहारतज्ज्ञ ताईंनी स्पष्ट सांगितलं, रात्री झोपण्याआधी काहीतरी खायचंच. लेक रडली. मी तिला घेऊन उपाश्रयात साध्वीजींकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रात्री खा, असं आम्ही कुणाला सांगत नाही, सांगणारही नाही. पण पच्चक्खाणाच्या पाठात आगार असतात. ते कशासाठी ठेवलेत, त्याचा अर्थ घरी जाऊन नीट वाच." आम्ही वाचला. त्यात एक सर्वसमाधीचा आगार आहे. देहाची पीडा इतकी वाढली की चित्ताची समाधीच ढळते, तेव्हा औषधपाण्यासाठी दिलेली सूट. सूट देणाऱ्यांनी ती विचार करूनच दिली असणार ना? लेकीनं बाळंतपणापर्यंत चोविहार सोडला. रात्री साडेनऊला एक कप बिनसाखरेचं दूध आणि मूठभर भाजलेले चणे किंवा चार-पाच बदाम, एवढंच, औषध घ्यावं तसं. बाकी सगळं सूर्यास्ताआधी. जाऊबाईंना अजून ते पटलेलं नाही.

मग दिवसाचं ताट. १९७९-८० पासून न्यूयॉर्कच्या डॉ. लोइस योव्हानोविच यांनी (त्या स्वतः मधुमेही होत्या) बायकांच्या हातात साखर मोजायचं यंत्र दिलं आणि प्रत्येक जेवणानंतरचा आकडा लिहायला लावला. त्याआधी डॉक्टर जेवण ठरवायचे, त्यानंतर बाईचं स्वतःचं शरीर सांगायला लागलं. १९८१ मध्ये टोरांटोच्याच डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी दाखवलं की सारख्याच वजनाच्या पिष्टातून सारखीच साखर चढत नाही. डाळी, चणे, राजमा सावकाश चढवतात, पांढरा पाव झपाट्यानं. आमच्या घरातल्या वहीनं तेच सांगितलं. सकाळी पोहे खाल्ले की दोन तासांनी १५० च्या वर. मुगाच्या डाळीचं धिरडं आणि पनीर खाल्लं की ११० च्या आसपास. सकाळी शरीरातली काही संप्रेरकं जोरात असतात, म्हणून तोच पदार्थ दुपारी चालतो आणि नाश्त्याला नडतो. हे कळल्यावर पोह्यांवरचा राग गेला, फक्त त्यांची वेळ बदलली. कल्पसूत्रातला "काळ" तो हाच, असं मी लेकीला म्हटलं तर ती हसली.

आपल्या स्वयंपाकघराची एक बाजू फार चांगली आहे. बटाटा, रताळं आधीच बाद. डाळी, कडधान्यं रोजची. पण अडचणी आपल्याच आहेत. आठम-चौदसला लिलोतरी बंद, मग ताटात पोळी-भात वाढतो आणि वहीतला आकडाही वाढतो. त्या दिवशी आम्ही मुगाचं घट्ट वरण, पनीर, बेसनाचं पिठलं वाढवलं आणि भात दोन चमच्यांवर आणला. कडधान्याबरोबर कच्चं दही द्विदळामुळे चालत नाही, म्हणून दही आधी गरम करून घेतलं. खाखरे "हलके" म्हणून दिवसभर तोंडात टाकत राहायची सवय असते. चार खाखरे म्हणजे शेवटी पोळ्याच. "आयंबिलात साखर नसते, मग मधुमेहाला उत्तम" असंही एकीनं सांगितलं. साखर नसते खरी, पण नुसत्या इडली-भातानं पोट भरलं तर ती आतच तयार होते. गुळानं चालतं, मधानं चालतं, खजुरानं चालतं, या समजुतींना वहीनं एकेका दिवसात उत्तर दिलं. फळ एका वेळी एकच, पेरू किंवा अर्धं सफरचंद, जेवणानंतर नाही तर मधल्या वेळेला. रस अजिबात नाही. आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं.

पुण्यातच के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला आहे. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची, पण आपल्या बारीक बाळाच्या अंगात त्या मानानं चरबी जास्त. बाहेरून कृश, आतून चरबीचं. म्हणून "लेक बारीक आहे, तिला कसली साखर" हे म्हणणं आपल्याकडे चालत नाही. त्याच अभ्यासात ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध नियमित खात त्यांची बाळं चांगल्या वजनाची निघाली. आणखी एक गोष्ट आपल्यासाठीच आहे. शाकाहारी आईत बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर असेल तर तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनचं काम मंदावलेलं दिसलं. लेकीचं बी-१२ तपासलं, कमीच होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दूध-दही खातो म्हणून आपलं भागतं, असं कुणी धरून चालू नका.

इतकं सगळं केल्यानं फरक पडतो का? ऑस्ट्रेलियात १,००० गरोदर बायकांवर पाहणी झाली, २००५ मध्ये छापून आली. ज्यांना आहाराचं मार्गदर्शन, साखर मोजणं आणि गरज पडली तर इन्सुलिन मिळालं, त्यांच्या बाळांवरची गंभीर संकटं चार टक्क्यांवरून एका टक्क्यावर आली. आणि त्यातल्या पाचांत एकीलाच इन्सुलिन लागलं, बाकीच्यांचं ताटावर भागलं. आपल्याकडे चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी उपाशीपोटी यायची अट काढून टाकली. आपल्या बायका लांबून येतात, उपाशी परत बोलावलं की येत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तास, एकच आकडा. २०१४ मध्ये सरकारनंही तीच पद्धत घेतली. आधी दोन आठवडे आहार, तरी जेवणानंतरचा आकडा १२० च्या खाली राहिला नाही तर औषध. दहा मार्च हा शेषय्यांचा वाढदिवस, तो आता या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

लेकीला दोन आठवड्यांत ताटावरच जमलं. डोहाळजेवणाला मात्र मी माघार घेतली. बायका आल्या, गोडाचं ताट वाढलं, तिनं ओंजळीतल्या पेढ्याचा एक तुकडा मोडला आणि बाकीचा माझ्या पानात टाकला. मलाही चालत नाही, तो शेवटी नातवानं खाल्ला.

फेब्रुवारीत मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. जन्मल्यावर नर्सबाईंनी ठरावीक वेळेला तिच्या टाचेतून थेंब घेऊन साखर पाहिली. पहिल्या वेळी ५८, दुसऱ्या वेळी ६४, दोन्ही ठीक होते. टोचल्यावर ती कळवळून रडायची आणि मला बरं वाटायचं. ती पूर्ण वेळ आईजवळच होती. सहा आठवड्यांनी लेकीला पुन्हा ग्लुकोजचं पाणी दिलं, दोन तासांचा आकडा ११८ आला. आता दरवर्षी तपासायचं आहे. पुढची तारीख मी पंचांगात लिहून ठेवली आहे. चोविहार तिनं चैत्रात पुन्हा सुरू करावा असं माझ्या मनात होतं, पण बाळ अंगावर पितंय तोवर डॉक्टरांना विचारूनच, असं तिनं मला सांगितलं.